वेगाचा आकडा छापता, तसा धक्क्यांचाही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत १९५०च्या दशकातल्या अमेरिकी प्रायोगिक रेल्वेगाड्यांचे पान पाहिले. जनरल मोटर्सच्या ‘एरोट्रेन’चा मोठा फोटो मधोमध आणि खाली एक ओळ: देखणी, पण फसलेली. फसली हे खरेच. मात्र ती का फसली हे सांगायला आपण जागा ठेवली नाहीत, आणि ते कारण पुण्याहून रोज मुंबईला जाणाऱ्या माणसाच्या मणक्यापर्यंत येऊन पोचते. म्हणून हे पत्र. लांबले तर मधून कापा, शेवटची मागणी तेवढी कापू नका.

मी दापोडीला एस.टी.च्या कार्यशाळेत बसच्या बॉडी बांधणीच्या कामावर होतो. नुसती चॅसी यायची. तिच्यावर आम्ही सांगाडा उभा करायचो, ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट मारून बसवायचो, मग खिडक्या, बाकडी, टपावरचा कॅरिअर आणि शेवटी लाल रंग. एरोट्रेन मी पहिल्यांदा तिथेच पाहिली, म्हणजे तिचे चित्र. आमच्या एका चार्जमननी कुठूनतरी जुने परदेशी मासिक मिळवले होते. जेवणाच्या सुटीत त्यांनी ते पान उघडून आमच्यापुढे धरले. ‘‘इंजिनाकडे बघू नका रे,’’ ते म्हणाले, ‘‘मागचे डबे बघा. खिडक्यांची उंची बघा, टपाचा गोलवा बघा. ती बस आहे.’’ आणि ती बसच होती. त्या दिवसापासून या गाडीने मला जे धरले ते आजतागायत सोडलेले नाही.

जनरल मोटर्स तेव्हा बसही बनवत होती आणि रेल्वेची डिझेल इंजिनेही. अमेरिकेतली माणसे रेल्वे सोडून स्वतःच्या मोटारीने आणि विमानाने जाऊ लागली होती, प्रवासी गाड्या तोट्यात चालल्या होत्या. कंपनीने हिशोब मांडला. आपल्या चाळीस आसनी लांब पल्ल्याच्या बसची बॉडी घ्यायची, ती रुंद करायची, खाली दोन ॲक्सलवर चार लोखंडी चाके द्यायची आणि असे दहा डबे एकामागे एक जोडायचे. चारशे प्रवासी, वजन नेहमीच्या गाडीच्या निम्मे, आणि ओढायला १२०० अश्वशक्तीचे एकच इंजिन, ताशी १०० मैलांपर्यंत. रूप द्यायचे काम मोटारी रेखाटणाऱ्या मंडळींकडे होते आणि ते त्यांनी मनापासून केले. पुढचे नाक विमानाचे, शेवटच्या डब्याची पाठ त्या काळच्या शेव्हरोले स्टेशन वॅगनची. १९५५मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली, आणि १९५६च्या सुरुवातीला अशा दोन गाड्या वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांकडे चालवून बघायला गेल्या.

पेनसिल्व्हेनिया रेल्वेने ती न्यूयॉर्क-पिट्सबर्ग चालवली. न्यूयॉर्क सेंट्रलने शिकागो-क्लीव्हलँड मार्गावर बघितली, सांता फेने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने बघितली. युनियन पॅसिफिकने १९५६च्या डिसेंबरात लॉस एंजेलिस ते लास वेगास अशी सुरू केली, तर कॅजॉनच्या घाटात तिला जोडीला दुसरे इंजिन द्यावे लागे. एकाही कंपनीने ती ठेवून घेतली नाही. शेवटी १९५८मध्ये रॉक आयलंड रेल्वेने दोन्ही गाड्या घेतल्या आणि शिकागो-जोलिएट लोकल म्हणून वापरल्या, १९६६पर्यंत. शंभर मैलांच्या वेगासाठी आणलेली गाडी अखेर दर स्टेशनला थांबत राहिली. प्रवाशांची तक्रार सगळीकडे एकच होती: गाडी आदळते, हिसके देते, वेग वाढला की बसवत नाही.

आता इथे बसवाल्याचे काम सुरू होते. ज्या कंपनीने ही गाडी केली त्याच कंपनीची १९५३ सालची लांब पल्ल्याची बस हवेच्या स्प्रिंगवर चालणारी होती आणि ती रस्त्यावर फार मऊ चाले. लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी रबरी पिशवीत दाबलेली हवा. तीच युक्ती एरोट्रेनच्या डब्यांखाली होती. मग बसमध्ये जमलेले रुळावर का जमले नाही? चार्जमननी आम्हाला हेच विचारले होते आणि उत्तर लगेच दिले नव्हते. दोन दिवस आमची आपापसात चर्चा चालली होती.

पहिले उत्तर टायर. बसचा पाटा असो की हवेची पिशवी, तिच्यापर्यंत धक्का पोचण्याआधी हवा भरलेले रबरी चाक त्याचा मोठा वाटा गिळून टाकते. बारीक खडी, डांबराची खरखर, हे तर वर येतच नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर ठेवले की हा पहिला पहारेकरी गेला. शिवाय बसचा ड्रायव्हर खड्डा दिसला की चाक वळवतो, रुळावर तशी सोय नाही.

दुसरे, रस्त्यावरचे खड्डे कुठेही असतात, रुळांचे जोड मात्र ठरावीक अंतरावर येतात. अमेरिकेत तेव्हा ३९ फुटी रूळ सर्रास होते. ताशी ६० मैलांच्या वेगाला चाक त्या जोडांवर सेकंदाला दोनदा आपटते, आणि तेही तालात. स्प्रिंगवर ठेवलेल्या प्रत्येक बॉडीची हलण्याची स्वतःची एक लय असते आणि प्रवासी गाडीची ती सेकंदाला एक-दोन झोक्यांच्याच घरात येते. जोडांचा ताल आणि बॉडीची लय जुळली की हलणे वाढतच जाते, अगदी योग्य क्षणी धक्का मिळणाऱ्या झोपाळ्यासारखे. अशा वेळी हवेचे मऊ स्प्रिंग उपयोगी पडण्याऐवजी साथ देऊ लागते.

तिसरे आणि माझ्या मते सगळ्यात मोठे कारण म्हणजे बोगी नव्हती. (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा वळणारा सांगाडा.) आपल्या रेल्वेच्या डब्याखाली दोन टोकांना दोन बोग्या असतात, प्रत्येक बोगीत दोन ॲक्सल. एक ॲक्सल अर्धा इंच उचलला गेला तर बोगीचा मध्य पाव इंचच उचलतो, आणि डबा त्या मध्यावर टेकलेला असतो. म्हणजे स्प्रिंगचा विचार करण्याआधीच धक्का निम्मा झाला. एरोट्रेनमध्ये ॲक्सल थेट डब्याखाली, त्यामुळे पुरा अर्धा इंच प्रवाशाकडे. कुठल्याही बसमध्ये मागच्या चाकावर आणि त्याच्या मागे बसणाऱ्याला काय भोगावे लागते हे ज्याने शेवटच्या बाकावरून घाट उतरला आहे त्याला सांगायला नको. या गाडीच्या प्रत्येक डब्यात तसे बाक होते.

चौथे कारण आमच्या चर्चेत नव्हते, ते मला निवृत्तीनंतरच्या वाचनात मिळाले. रेल्वेचे चाक सपाट नसते, किंचित निमुळते असते. त्यामुळे जोडी रुळावर स्वतःला मधे आणत चालते, वळणावर वळते. पण वेग वाढला की हेच मधे येणे नागमोडी डोलण्यात बदलते, डावी-उजवी, डावी-उजवी, आणि एका मर्यादेनंतर ते आपोआप वाढत जाते. जपानमध्ये तादाशी मात्सुदाइरा नावाच्या अभियंत्याने हे नीट उलगडले. युद्धाच्या काळात त्यांचे काम लढाऊ विमानांच्या कंपनांचे होते. युद्ध संपल्यावर ते रेल्वेच्या संशोधन संस्थेत आले आणि म्हणाले, की हे डोलणे रुळाच्या खडबडीतपणामुळे होते असे धरून चालू नका, ते चाकांच्या जोडीतूनच उपजते. मग बोगी त्या हिशेबाने बांधली गेली. त्याच संस्थेच्या मदतीने ओदाक्यू कंपनीने हलकी, जोडलेल्या डब्यांची गाडी केली आणि १९५७च्या सप्टेंबरात ती १०६७ मिलिमीटरच्या अरुंद रुळावर ताशी १४५ किलोमीटरने धावली, त्या मापाच्या रुळावरचा तेव्हाचा जागतिक विक्रम. सात वर्षांनी, १ ऑक्टोबर १९६४ला, शिनकान्सेन ही बुलेट ट्रेन सुरू झाली. हलकी गाडी अमेरिकेलाही हवी होती आणि जपानलाही. अमेरिकेतल्या त्या कंपनीने बॉडीपासून सुरुवात केली, जपान्यांनी चाकापासून.

स्पेनच्या टॅल्गो या हलक्या गाडीची गोष्टही याच सालांतली आहे आणि आपल्या पानावर ती नव्हती, याचे आश्चर्य वाटले. आलेहांद्रो गोइकोएचेआ या अभियंत्याने अख्खा ॲक्सलच काढून टाकला. दोन डब्यांच्या सांध्यात चाकांची एकच जोडी, दोन्ही चाके स्वतंत्र फिरणारी, डबा त्यांच्यामध्ये खाली बसवलेला. चाके एकमेकांना बांधलेली नसल्यामुळे ते नागमोडी डोलणे मुळातच कमी. १९५०पासून ती माद्रिदहून फ्रान्सच्या सरहद्दीपर्यंत धावू लागली. अमेरिकेत मात्र टॅल्गोचेही बस्तान बसले नाही. रॉक आयलंडने १९५६मध्ये ‘जेट रॉकेट’ नावाने ती शिकागो-पिओरिया चालवली, पुढे एरोट्रेनच्याच इंजिनाचे भावंड होते, आणि लवकरच तीही लोकल झाली. पण स्पेनने ती कल्पना टाकली नाही. सुधारत सुधारत नेली, वळणावर आपोआप आत झुकणारे डबे केले, आणि २०१६मध्ये तीच टॅल्गो आपल्याकडे चाचणीला आली. मथुरा-पलवल दरम्यान ताशी १८० किलोमीटर, दिल्ली-मुंबई बारा तासांच्या आत. त्या वेळच्या बातम्या मला आठवतात. सगळ्या वर्तमानपत्रांत वेग आणि वेळ मोठ्या अक्षरांत होते. डबा हलला किती हे कुठल्याही बातमीत वाचल्याचे मला आठवत नाही.

आता पुण्याकडे येतो. दख्खनची राणी १ जून १९३०ला सुरू झाली तेव्हा सात डब्यांची होती आणि डब्यांचे काम माटुंग्याच्या कारखान्यात झाले होते. (एस.टी.ची पहिली बसही १ जूनलाच सुटली, १९४८मध्ये, पुण्याहून नगरला. आम्हा दापोडीकरांना या योगायोगाचे फार कौतुक.) १९६६मध्ये राणीला चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यातले पूर्ण पोलादी डबे मिळाले. तो कारखाना २ ऑक्टोबर १९५५ला सुरू झाला, स्वित्झर्लंडच्या श्लिरेन इथल्या कंपनीच्या आराखड्यांवर. म्हणजे ज्या वर्षी शिकागोत एरोट्रेन लोकांपुढे मांडली जात होती, त्याच वर्षी आपण एक गाजावाजा नसलेली, पण चांगल्या बोगीवरची रचना निवडत होतो. त्या बोगीवर हा देश पुढे साठ वर्षांहून अधिक काळ प्रवास करत राहिला. १९५०च्या दशकातल्या प्रायोगिक गाड्यांच्या पानावर पेरांबूरचा डबा कुणी छापणार नाही, कारण तो दिसायला साधा. माझ्या मते त्या दशकात जगात घेतल्या गेलेल्या चांगल्या निर्णयांत तो येतो.

आपल्याकडेही १९५६ साली एक नवी गाडी आली होतीच: पेशवे पार्कातली फुलराणी. ती अजून पुण्याच्या पोरांना फिरवते. आणि अमेरिकेत एरोट्रेनच्या रूपावरून केलेली छोटी गाडी १९५८मध्ये पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात आली. मुलांच्या बागेत, सावकाश, ते रूप छान शोभते.

राणीला २०२२मध्ये एलएचबी, म्हणजे जर्मन आराखड्याचे नवे, डबे लागले. १० फेब्रुवारी २०२३पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत पुण्यावरून धावते. तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटारी असल्यामुळे १:३७ चढाच्या बोरघाटात मागून ढकलणारे जादा इंजिन, म्हणजे बँकर, लागत नाही, हे मोठे काम झाले. वंदे भारतलाही हवेचे स्प्रिंग आहे. एरोट्रेनलाही होते. फरक त्याच्याखाली काय आहे याचा. ही गाडी मला मनापासून आवडते आणि पत्र तिच्याविरुद्ध नाही.

पण पासधारकांना विचारा. आमच्या इमारतीत दोघे आहेत. कुठल्या डब्यात, बोगीवर येणारे आसन टाळून मधले कुठले धरायचे, कुठल्या पुलाच्या तोंडाशी आणि कुठल्या सांध्यांवर (गाडी रूळ बदलते त्या जागी) पेन हातात धरू नये, हे ते झोपेत सांगतील. रूळ आता वितळजोड करून सलग केले आहेत, तेरा मीटरवरचा जुना ठोका गेला. सांधे, पूल, यार्डातली वळणे राहिली आहेत. पासधारकांचे हे ज्ञान अंगावर घेतलेले आहे, कागदावर नाही. कागदावर येऊ शकते, कारण मोजण्याची पट्टी केव्हाचीच तयार आहे.

स्पर्लिंग या जर्मन संशोधकाच्या नावाने ती ओळखली जाते. डब्याच्या तळावर कंपन टिपणारे यंत्र ठेवायचे, उभे आणि आडवे दोन्ही हिसके नोंदायचे आणि माणसाच्या शरीराला जी कंपने जास्त लागतात त्यांना जास्त वजन देऊन एक आकडा काढायचा. आकडा जितका लहान तितका प्रवास सुखाचा. २ म्हणजे चांगला, ३ म्हणजे समाधानकारक, ४ म्हणजे कसाबसा सोसण्याजोगा, ५ म्हणजे धोक्याचा. लखनौची आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन संस्था हाच आकडा वापरते. प्रवासी डब्यांसाठी ३.५ ही मर्यादा, ३.२५ असला तर बरे. नवा डबा सेवेत येण्याआधी त्याची ही चाचणी होते. नव्या गाडीच्या कौतुकात तो आकडा कधीमधी कानावरही येतो. पण तो नव्या डब्याचा, नव्या चाकांचा आकडा असतो. चाके झिजतात, त्यांचा निमुळतेपणा बदलतो, हिसके शोषणारे डॅम्पर थकतात, रूळही बदलतो. प्रवासी ज्या गाडीत बसतो ती वर्ष-दोन वर्षे चाललेली असते.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. मध्य रेल्वेच्या पुणे विभागाने पुणे-मुंबई आणि पुणे-सोलापूर मार्गांवर चालत्या, प्रवासी भरलेल्या गाड्यांत हा आकडा दर सहा महिन्यांनी मोजावा आणि वेळापत्रक लावतात तिथेच लावावा. डब्याचा प्रकार, त्या वेळचा वेग, डबा मधला की टोकाचा, आसन बोगीवरचे की डब्याच्या मध्यावरचे, एवढे सोबत असावे, नाहीतर नुसत्या आकड्याला अर्थ नाही. लोणावळा ते कर्जत घाट वेगळा मोजावा, कारण तिथे वेग कमी आणि वळणे जास्त, सपाटीच्या आकड्यात मिसळला तर दोन्ही बिघडतील. खर्च फार नाही. यंत्रे आहेत, माणसे आहेत, रुळाची तपासणी ती करतातच.

दुसरी मागणी आपल्याकडे, संपादक महोदय. यापुढे नव्या गाडीची बातमी देताना ‘ताशी अमुक किलोमीटर’च्या शेजारी हा आकडा छापा. मिळाला नाही तर तसे छापा: मागितला, मिळाला नाही. आपल्या वार्ताहरांनी प्रत्येक पत्रकार परिषदेत विचारला तर अधिकारी तो घेऊन येऊ लागतील. आकडा वाईट आला तरी गाडीवर टीका करायची घाई करू नका. चाके कधी घासून घेतली, कुठल्या भागात जास्त आला, हे विचारा. दुरुस्ती तिथूनच सुरू होते.

एरोट्रेनच्या दोन्ही गाड्या अमेरिकेने पूर्ण मोडीत काढल्या नाहीत. एकीचे इंजिन आणि काही डबे विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेच्या रेल्वे संग्रहालयात आहेत, दुसरीचे सेंट लुईसच्या वाहतूक संग्रहालयात. पुढच्या वेळी तो फोटो छापाल तेव्हा शक्य झाल्यास इंजिनाऐवजी डब्याच्या खालचा भाग छापा. आमच्या वेळचे बॉडी शॉपमधले जे कुणी हयात आहेत ते तो भिंग घेऊन बघतील.

आपला,
एस.टी.चा एक निवृत्त बॉडी कारागीर,
दापोडी, पुणे